नानांच्या ब्रुनोची एकादशी

खानदेशातला केळीवाला खर्चाला भीत नाही. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, विद्राव्य खतं यांच्यावर तो लाखांनी पैसा ओततो आणि रात्री निवांत घोरतो. कारण बांधापलीकडच्यानेही तेवढाच ओतलेला असतो. त्याला धाक असतो तो गावात दाखला नसलेल्या खर्चाचा. पोरीच्या लग्नात किती पंगती उठवायच्या, याला आमच्या चोपडा गावात दाखले आहेत. कुत्र्याला महिन्याकाठी किती रुपयांचं खाऊ घालावं, याला नाही. आणि नेमके तिथेच नाना अडकले आहेत.

नाना म्हणजे कोणी एक गृहस्थ समजू नका. यावल रोडपासून शिरपूर रोडपर्यंत नव्या कॉलन्यांमधून एक चक्कर मारा, चार-पाच नाना सहज भेटतील. वय साठीच्या पुढे, पांढरा सदरा, पायात चप्पल, आणि हातात एक साखळी, जिच्या दुसऱ्या टोकाला असलेला प्राणी नानांना फिरवत असतो. हा प्राणी इथला नव्हे. तो पुण्याच्या हिंजवडीतून आलेला असतो. पोराला नोकरी लागली, फ्लॅट झाला, सुनेच्या हौसेने लॅब्रॅडॉर आला. मग बाळ आलं. बाळ पुण्याला राहिलं आणि कुत्रं चोपड्याला आलं. नाना-माईंना नातू सांभाळायचा होता. वाट्याला ब्रुनो आला. माई त्याला ‘बुरन्या’ म्हणतात आणि तो त्याच नावाला आधी ओ देतो.

ब्रुनोबरोबर एक पिशवी आली. काळी, चकचकीत, वर लांडग्याचं चित्र. पोराने बजावलं, ‘पप्पा, हे ग्रेन-फ्री आहे. याला धान्य अजिबात द्यायचं नाही.’ नानांनी मान डोलावली. ज्या घरात कणगी आहे, दादर ज्वारीची पोती आहेत, तिथे एका खाणाऱ्या तोंडाला धान्य वर्ज्य, ही गोष्ट पचायला त्यांना एक महिना लागला. पिशवीही महिनाभरच पुरली. मग नानांनी तिची किंमत पाहिली.

तीस किलोचं लॅब्रॅडॉर दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम कोरडं खाणं खातं. म्हणजे महिन्याला अकरा-बारा किलो. भारीतलं ग्रेन-फ्री किलोला हजाराच्या आगेमागे पडतं. नानांनी कॅल्क्युलेटरला हात लावला नाही. केळीवाला सगळा हिशोब केळीत करतो. बऱ्हाणपूरच्या बाजारात भाव क्विंटलला हजार निघाला, तर बारा क्विंटल केळी. वीस किलोचा घड धरला, तर साठ घड.

‘म्हणजे हे एकटं महिन्याला साठ झाडं खातं,’ नाना ओट्यावर बसून म्हणाले. ‘आणि अजून व्यापाऱ्याची कटती धरली नाही.’

मका-तांदळाचं साधं पाकीट याच्या पाव किमतीत मिळतं. पण ते आणावं तर पोरगा व्हिडिओ कॉलवर म्हणणार, ‘कॅमेरा जरा वाटीकडे धरा.’ भारीतलं आणावं तर कुरियरवाला भरदुपारी कॉलनीच्या तोंडाशी उभा राहून नानांच्या घराचा पत्ता विचारणार, आणि बारा किलोचं ते खोकं काही सदऱ्याच्या खिशात लपत नाही. मागल्या खेपेला म्हशीवाल्या शेजाऱ्याने ते पाहिलंच.

‘नाना, हाई काय शे भो?’

नानांनी सांगितलं. भाव सांगताना निम्मा सांगितला. तरी शेजारी मटकन बसला. सरकी ढेपेचे भाव वाढले म्हणून सकाळपासून सरकारला शिव्या देणारा माणूस तो. म्हणाला, ‘मन्ही म्हैस दूध देस. तुम्हनं कुत्रं काय देस?’

नानांना उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून त्यांनी दोन निवेदनं तयार ठेवली आहेत. पोराला सांगायचं, ‘तू सांगितलंस तेच देतो.’ गल्लीत सांगायचं, ‘पोरगाच धाडतो, आपला एक रुपया नाही.’ दोन्ही एकाच ओट्यावरून बोलावी लागतात, म्हणून फोन आला की नाना मागच्या दारी जातात.

या प्रकरणाचा खरा उलगडा केला माईंनी. एका दुपारी त्यांनी चष्मा चढवून पिशवीची मागची बाजू वाचायला घेतली, अडलं तिथे शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला विचारलं. कोंबडी, मासे कळले. मग पुढे बटाटा. रताळं. टॅपिओका.

‘टॅपिओका म्हणजे?’

‘साबुदाणा ज्याचा करतात ना माई, ते कंद.’

माईंनी चष्मा काढला. ‘अहो, हे तर उपासाचं आहे!’

आणि खरोखर पाहा, धान्य काढून टाकलं तरी गोळी बांधायला पिठूळ काहीतरी लागतंच. ते काम बटाटा, रताळं, टॅपिओका, वाटाणा, मसूर यांच्याकडे येतं. पिठाचं पीठ राहतं, फक्त गोत्र बदलतं. आपण तरी वेगळं काय करतो? भगर हे सरळसरळ धान्य, पण उपासाला चालते. पोळी मात्र चालत नाही. माईंना ही व्यवस्था तोंडपाठ असल्याने त्यांनी कंपनीची चूकही काढली. ‘वाटाणा कुठे चालतो उपासाला? मोडला याचा उपास.’ बाकी कोंबडीचं काय, हे विचारण्याची नानांची हिंमत झाली नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आजवर माणसांपुरतं होतं. इथे चौपट झालं, तेही दर महिन्याला तीस वेळा.

तरी नानांचं समाधान होईना. ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. आमच्याकडच्या डॉक्टरांचा बहुतेक जन्म बैल-म्हशींत जातो. २०२२ सालची लम्पीची साथ महाराष्ट्रात सुरू झाली ती आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात. तेव्हापासून त्यांना कुत्र्याच्या आहारावर कोणी प्रश्न विचारला, तर जणू सुट्टी मिळाल्यासारखं वाटत असावं. ते खुलून बोलले.

‘नाना, लांडगा माणसाच्या उकिरड्यापाशी आला, तेव्हाच त्याची भाकरीशी सोयरीक जमली. २०१३ साली स्वीडनच्या लोकांनी तपासलंय. पिष्ट पचवायचं एक जनुक असतं. लांडग्यात त्याच्या दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. पिशवीवर चित्र लांडग्याचं असलं, तरी पोट कुत्र्याचंच आहे.’

‘मग धान्याची ॲलर्जी म्हणतात ती?’

‘असते काहींना. पण ॲलर्जीच्या यादीत गोमांस, दूध, कोंबडी आधी येतात, गहू मागून. ब्रुनो खाजवतो का?’

‘तो नाही. मी खाजवतो. डोकं.’

डॉक्टरांनी पुढची गोष्ट सांगितली ती नानांच्या जिवाला लागली. वाटाणा-मसूर भरपूर असलेलं हे खाणं आणि कुत्र्यांचं हृदय पसरट, दुबळं होण्याचा आजार, यांचा काही संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये जाहीर केला. पुढल्या वर्षी सोळा ब्रँडांची नावंही छापली. मग २०२२ च्या डिसेंबरात सांगितलं, की नुसत्या आलेल्या तक्रारींवरून कारण सिद्ध होत नाही, आणि नवं काही हाती लागल्याशिवाय आम्ही बोलणार नाही.

नानांचे दोन दावे दिवाणी कोर्टात पडून आहेत. त्यांना हे लगेच कळलं. ‘म्हणजे केस बोर्डावर आहे, तारीख नाही.’

‘मग नुसतं भाकरी-दूध घालू?’ त्यांनी विचारलं.

‘तेही नको,’ डॉक्टर म्हणाले. ‘त्यात प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियमचं गणित बिघडतं. साधं, पण पूर्ण आहार असलेलं पाकीट आणा, आणि मोजून घाला. पिशवीच्या किमतीपेक्षा त्याच्या पोटाचा घेर बघा.’

इतका सोपा सल्ला फुकट मिळाला, की आपला माणूस हटकून शंका घेतो. नानांनी स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं. साध्या पाकिटासाठी जळगावला गेले, येताना वाटेतल्या धानोऱ्याला चहा न घेता थेट घरी आले, आणि ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. एकीत भारीतलं, दुसरीत साधं. गल्ली जमली. पैजाही लागल्या असाव्यात. ब्रुनोने उजवी वाटी साफ केली, डावी साफ केली, मग नानांच्या चपलेचा अंगठा खाल्ला आणि प्रेक्षकांकडे पाहून शेपूट हलवली. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय, की चारातल्या साधारण एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक भागल्याचा निरोपच नीट न पोहोचवणारा जनुकीय बदल असतो. अशा परीक्षकापुढे पाककलेची स्पर्धा भरवली, तर पहिला नंबर सगळ्यांचाच येणार.

नानांच्या ज्ञानाचा त्रास आता गावाला होतो. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, ठेचली जातात, कांद्याची पात पडते, कळण्याची भाकरी सोबतीला. कोणी प्रेमाने ब्रुनोपुढे घास टाकला, की नाना ओरडतात, ‘कांदा नको! कांद्याने त्याचं रक्त बिघडतं!’ हे मात्र शंभर टक्के खरं आहे, कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा. पण जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा अपमान कुत्र्यादेखत झाल्यासारखं वाटून यजमान दुखावतात. माईंचं म्हणणं वेगळंच. ‘नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. पिशवीची मागची बाजू वाचत नाही बसले.’ स्वतः त्या रोज सकाळी नाना आंघोळीला गेले, की कोरड्या भाकरीचा पापुद्रा बुरन्याला देतात. नानांना हे माहीत आहे. ते मुद्दाम सावकाश आंघोळ करतात.

दिवाळीला पोरगा आला. गाडीच्या डिकीतून नवी पिशवी निघाली. या खेपेला लांडगा नव्हता, गव्हाच्या लोंब्या होत्या.

‘पप्पा, ग्रेन-फ्रीचं आता एवढं राहिलं नाही. हे अँसेस्ट्रल ग्रेन आहे. पूर्वजांचं धान्य.’

‘कोणाच्या पूर्वजांचं?’

‘म्हणजे जुनं, मूळचं धान्य. स्पेल्ट म्हणून गव्हाची जुनी जात असते, ओट्स असतात.’

‘आणि भाव?’

‘जवळपास तोच.’

नाना बराच वेळ पिशवी हातात घेऊन बसले. शेजारी म्हशीवालाही आला होता, फराळाला. पोराला वाटलं, आता बापाचा पट्टा सुटणार. पण नाना तापीकाठच्या आपल्या काळ्या जमिनीचा विचार करत होते, जिथे त्यांच्या आजोबांपासून नुसत्या ओलीवर दादर येते आणि विकायला नेली, की व्यापारी तोंड वाकडं करून भाव पाडतो.

‘कंपनी कुठली म्हणालास?’

‘इटलीची.’

‘बरं. आपली दादर घेतील का, विचार. जुनीच आहे ती, सातबारा दाखवतो.’

पोरगा हसायला लागला. नाना हसले नाहीत.

‘हसू नको, भाऊ. फोन लाव. आणि पहिले हे विचार, की कटती किती धरतात.’