मेगाहर्ट्झबाब

मांद्र्यात कुणाचा मिक्सर बिघडला तर तो म्हापशाला जातो. मेगाहर्ट्झबाबांच्या मांगरात नेला तर नीट होणार नाही असं नाही, पण आधी मोटरचे फेरे मोजले जातील, मग ते वहीत जातील, आणि चटणी चतुर्थीला वाटायची ती शिगम्याला वाटली जाईल. मोजणं हा त्यांचा धर्म आणि दुरुस्ती हा जोडधंदा. लोकांना आधी काम अडतं, मग ते हत्यार शोधतात. बाबांकडे हत्यार आधी तयार होतं आणि मग त्याला लावायला काम हुडकत ते गावभर हिंडतात.

सगळी नोकरी वीजखात्यात झाली. तिथे फ्रीक्वेन्सी एकच, ५० हर्ट्झ, आणि तीही आपण ठरवायची नाही. एवढ्या एका आकड्यावर ज्याने उमर काढली, तो निवृत्तीनंतर पिसाळणार नाही तर काय! ग्रॅच्युइटी हातात पडली आणि बाबांनी आयसीएम ७२१६ ही चिप आणून घरीच फ्रीक्वेन्सी काउंटर बांधला. आठ लाल आकडे, आत १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. त्याला सत्य शिकवलं ते पणजी आकाशवाणीने. बाबांनी एक लहान ऑसिलेटर केला आणि तो रेडिओवर पणजीच्या १२८७ किलोहर्ट्झशेजारी आणला. दोघांच्या भांडणाची शिटी येते, ती खाली खाली जात विरून जाईपर्यंत ट्रिमर फिरवला. मग काउंटरवर बरोबर १२८७.००० दिसेपर्यंत क्रिस्टलचा कान पिळला. "पणजी चुकत असली तर?" असं मी विचारलं. "सरकार आहे ते. चुकलं तरी सगळ्यांसाठी सारखंच चुकतं."

खरं दुःख पुढेच होतं. ही चिप १० मेगाहर्ट्झच्या वर मोजत नाही, आणि जगातला सगळा गोंगाट १० च्या वर. एफएम वर, वॉकीटॉकी वर, मोपाला उतरणाऱ्या विमानांची बोलणी तर ११८ च्याही वर. आपल्या डोक्यावरून विमान जातं आणि आपल्याला त्याचा आकडा कळत नाही, हा अपमान बाबांना सहन होईना. वास्तविक त्या विमानाचा आवाज उघड्या अँटेनावर काउंटर हलवण्याइतका जोरकस पोचतच नाही. पण अपमान असा हिशेब करून थोडाच होतो?

उपाय एकच, प्रिस्केलर. तो त्यांनी मला नारळांवर समजावला. "पाडेली उतरून गेला की मोजणारा काय करतो? शंभर झाले की एक नारळ बाजूला. शेवटी बाजूचे तेवढे मोजायचे. प्रिस्केलर म्हणजे तो बाजूला ठेवणारा गडी. फक्त हा चौसष्टाला एक ठेवतो, आणि सेकंदाला दहा-वीस कोटी हाताळतो." मी म्हटलं, "आणि वरचे सुटे राहतात ते?" बाबांचा चेहरा उतरला. एका सेकंदाच्या मोजणीत आता शेवटचा आकडा हर्ट्झचा नव्हे, ६४ हर्ट्झचा. सुट्यांचाही हिशेब हवा असेल तर एका आकड्यासाठी १ मिनिट ४ सेकंद थांबायचं. ते थांबतात.

चौसष्टच का? दहाने भागणारी ११सी९० ही चिप असते. तिच्यात नुसतं टिंब एक घर सरकवलं की झालं. पण भंगारात निघालेल्या रंगीत टीव्हीच्या ट्यूनरमधून बाबांना फिलिप्सची एसएबी ६४५६ फुकट मिळाली होती. फुकटची चिप गीगाहर्ट्झपर्यंत धावते आणि ६४ ने भागते, एक पाय बदलला तर २५६ ने. तेव्हा ६४ चा पाढा मांगराच्या दारावर खडूने लिहिला गेला. तिथला दुधाचा हिशेब पुसला गेला, त्यावरून दूधवाल्याशी अजून बोलाचाली आहे.

बांधणीत बाबा देवघरातल्यासारखे सोवळे. तांब्याच्या पत्र्यावर चिप उताणी डकवलेली, कपॅसिटरचे पाय अगदी मुळाशी छाटलेले, कारण या उंचीवर सेंटीमीटरभर तारही कॉइल होऊन बसते. चिपच्या तोंडातून जेमतेम एक व्होल्ट निघतो, तो काउंटरच्या कानाला पुरत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर. सगळं बिस्किटांच्या डब्यात, डबा डाग देऊन बंद.

पहिल्या रात्री अँटेना न लावताच काउंटरवर आकडा आला. गुणाकार केला तर साडेपाचशे मेगाहर्ट्झ. बाबा ताठ झाले. मांद्र्यात कुणीतरी चोरून काहीतरी पाठवत होतं! पुढचे दोन दिवस मोरजीच्या वाटेने जाणारा प्रत्येक रशियन पाहुणा त्यांच्या संशयाखाली होता. एकाच्या पाठीवरची लांब पेटी त्यांनी खाडीपर्यंत पाठलाग करून पाहिली. तिच्यात गिटार निघाली. तिसऱ्या दिवशी कळलं की पाठवणारी चिप स्वतःच होती. या जातीच्या चिपा इतक्या तरल की कानावर काही पडलं नाही तर स्वतःशीच गुणगुणतात. इनपुट आणि ग्राउंडमध्ये एक मोठा रेझिस्टर टाकला तेव्हा ती गप्प बसली. थोडी बहिरी झाली, पण गप्प बसली.

मग मोजायला काय? शेजाऱ्याचा रेडिओ मुका झाला होता, तो आला. बाबांनी कॉइलशेजारी तारेचा वेढा धरला. १८१४.०६२ आले. गुणिले चौसष्ट, ११६.१ मेगाहर्ट्झ. आतला ऑसिलेटर स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो, ते वजा केले. घामेजल्या चेहऱ्याने बाबांनी जाहीर केलं, "रेडिओ १०५.४ वर आहे!" शेजारी म्हणाला, "अहो बाब, तें म्हाका खबर आसा. काट्यावर दिसता. आवाज खंय आसा?" आवाजाची फ्रीक्वेन्सी बाबांच्या वहीत बसत नाही. ती फारच खालची.

जत्रेच्या दशावतारात मात्र कहर झाला. नारदाच्या छातीवर कॉर्डलेस माइक. बाबा डबा घेऊन पडद्याच्या कडेला. एफएम माइकचा आकडा बोलण्याबरोबर नाचतो, एक सेकंद शांतता मिळाली तर स्थिर होईल. म्हणून नारद जवळ येताच बाबांनी हात जोडून खूण केली, बोलू नका. नारदाला बोलू नको म्हणणारा भक्त त्रैलोक्यात पहिलाच. नट कसलेला, त्याने तिथल्या तिथे "नारायण, नारायण! हा कोण कळलाव्या?" म्हणून बाबांनाच कथेत ओढलं. प्रेक्षकांत हशा झाला, पेटीवाल्याने सूर धरला, आकडा आणखीच नाचला.

पुण्याच्या भाच्याला दया आली. त्याने २.४ गीगाहर्ट्झपर्यंत मोजणारा तयार काउंटर पाठवला, तळहाताएवढा, गुणाकार न मागणारा. बाबांनी तो त्याच एका कामाला लावला ज्याला तो लावता येत होता. दोन्ही काउंटर एकाच रेडिओपुढे मांडले. नवा म्हणाला ११६.१०२३, जुना म्हणाला ११६.०९९९. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, मग खरा कोण?" दोन्हींची सरासरी काढायला मामांनी साफ नकार दिला. न्यायात तडजोड नाही.

तिसरा बांधायला घेतलाय. तो कुणाच्या बाजूने बोलतो त्यावर निकाल. चिपेसाठी भाच्याला पुण्यातल्या पासोड्या विठोबापाशीच्या दुकानात जायला सांगितलंय, आणि बाबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याला परस्पर फोन करून दुकान बंद होतं असं सांगायला सांगितलंय.