आयपॉडच्या घरातल्या भानगडी

ऐकलंत का? आयपॉड पुन्हा माणसांत आलाय म्हणे! ज्याचा शेवटचा वंशज ॲपलने 2022 च्या मे महिन्यात निकालात काढला, तोच तो. आणि त्याला घरात कोण घेतंय, तर तो 2001 साली बाजारात आला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी पोरं! जुना आयपॉड कुठून तरी मिळवायचा, त्याची पाठ उचकटायची, आतली गरगरणारी हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवायचं, नवी बॅटरी घालायची आणि गावभर मिरवायचं. खिशात धडधाकट फोन असताना! कलियुग हो, दुसरं काय.

बरं, मिरवेपर्यंत ठीक. गाणी भरायला बसलं, की या घराण्याच्या एकेक भानगडी बाहेर पडतात.

आयपॉडचं सिंक एका वेळी एकाच संगणकाच्या लायब्ररीशी जुळतं. कडक एकपत्नीव्रत! मित्राच्या संगणकाला जोडून सिंक करायला गेलात, की पडद्यावर रोखठोक सवाल: आतलं सगळं पुसून इथली गाणी भरू का? घाईत 'हो' म्हणणाऱ्याची वर्षानुवर्षांची जमवाजमव गेलीच. आणि त्याच कंपनीच्या दुकानातल्या कुलूपबंद गाण्यांना मात्र 2004 पासून पाच संगणकांवर नांदायची मुभा! म्हणजे यंत्र रामाचं आणि आतलं गाणं द्रौपदीचं. त्यात परवानगी काढून न घेता जुना संगणक भंगारात दिला, तर तो तिथूनही पाचांतला आपला हक्क धरून बसायचा. 2009 साली गाण्यांची कुलपं निघाली, तेव्हा हे प्रकरण जरा थंडावलं.

मग 2019 ची वाटणी. मॅकवर कॅटालिना ही नवी प्रणाली आली आणि आयपॉडमध्ये गाणी भरणारं भलंथोरलं आयट्यून्स एका अपडेटमध्ये फुटलं. गाणी एकाकडे, सिनेमे दुसऱ्याकडे, पॉडकास्ट तिसऱ्याकडे. आणि आयपॉडला सांभाळायचं कुणी? त्याची रवानगी फाइंडरमध्ये! फायली लावून ठेवणाऱ्या त्या गरीब कारकुनाच्या गळ्यात. 'माझा आयपॉड दिसत नाही' म्हणून गळा काढणाऱ्या निम्म्या मंडळींनी फाइंडरची डावीकडची पट्टी उघडून पाहिलेलीच नसते. विंडोजवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडेही 2024 पासून ॲपल म्युझिक वेगळं आणि सिंक करणारं ॲपल डिव्हायसेस वेगळं. पहिलं घेतलं आणि दुसरं घ्यायचं राहिलं, की आयट्यून्स पॉडकास्ट आणि बोलकी पुस्तकं तेवढी कुरवाळत बसतं.

घरोबाही चमत्कारिक. मॅकवर फॉरमॅट झालेला आयपॉड विंडोजच्या दारात ओळख देत नाही. विंडोजवर झालेला दोन्हीकडे सुखाने राहतो. आणि ॲपल म्युझिकची वर्गणी भरून डाउनलोड केलेली गाणी? ती आयपॉड क्लासिकमध्ये जातच नाहीत. भाड्याची आहेत ना! पोरं रात्र रात्र केबल बदलतात, हब काढून थेट पोर्टला लावतात, संगणक पुन्हा सुरू करतात. बिचारी केबल निर्दोष असते.

अतिरेक म्हणाल तर 9 सप्टेंबर 2014 चा. ॲपलने यू-टू बँडचा नवा अल्बम पन्नास कोटींच्या घरातल्या आयट्यून्स खात्यांत परस्पर नेऊन ठेवला! कुणी मागितला होता? ज्यांचं आपोआप डाउनलोड चालू होतं, त्यांच्या फोनमध्ये तो उतरलासुद्धा. तो काढायला आठवड्याभरात वेगळी सोय करावी लागली. फुकट वाटलेलं परत घ्यायची सोय, असला तमाशा संगीताच्या धंद्यात दुसरा दाखवा!

एवढं होऊन आयपॉड गोठलाच, तर उपाय आहे: होल्डचं बटण एकदा पुढे-मागे करा, मेन्यू आणि मधलं बटण सहा-आठ सेकंद दाबून धरा, सफरचंद उगवेल. 'रिस्टोअर'ला मात्र शेवटी हात लावा, ते सगळं पुसतं. हे सगळं त्या पोरांना तोंडपाठ आहे हो. आयपॉड वाजायला लागतो, गाणी जागच्या जागी बसतात, सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात संगणकाच्या पडद्यावर लाल ठिपका दिसतो, 'नवं अपडेट आलं आहे'. आणि काय सांगू, मेली दाबतात की!