लेखणीवाले, दौतवाले आणि विलीनीकरण

जे वेगळे आहे ते एक व्हावे असे मनापासून वाटणाऱ्यांची संख्या आपल्या समाजात फार मोठी आहे, आणि ते एक होत असताना दुसऱ्याने उठून आपल्याकडे यावे, आपल्याला मात्र जागचे हलावे लागू नये, असे वाटणाऱ्यांची संख्याही नेमकी तेवढीच आहे; कारण ती तीच माणसे असतात. या सिद्धान्ताची प्रचीती मला फाउंटन पेनच्या शौकिनांचे दोन डिस्कॉर्ड सर्व्हर एकत्र करावेत किंवा कसे, याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीवर माझी वर्णी लागल्यानंतर आली. माझी हयात महसूल खात्यात, फेरफार, वारसनोंदी आणि वाटणीपत्रे यांच्या सहवासात गेलेली असल्यामुळे, ज्याने जन्मभर एकत्र जमिनींचे तुकडे होताना पाहिले त्याला तुकडे जोडणेही साधेल, असा तर्क तरुण मंडळींनी केला असावा. ज्याला उसवता येते त्याला शिवताही येते, असा हा न्याय होता, आणि समितीवर नेमणुका बहुधा याच न्यायाने होत असल्यामुळे मी तो विनातक्रार मान्य केला.

ज्या वाचकांचा या वस्तूशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की डिस्कॉर्ड हे मूळ संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी २०१५ साली निघालेले गप्पांचे साधन असून, तेथे कोणाही इसमास स्वतःचा सर्व्हर स्थापन करून त्यात विषयवार चॅनल उघडता येतात, कारभारासाठी मॉडरेटर नेमता येतात आणि, हे फार महत्त्वाचे, न पटणाऱ्या माणसास हाकलूनही देता येते. आमचा शौकीन समाज आधी व्हॉट्सॲपवर नांदत होता. परंतु त्या काळी तेथील गटात २५६ पेक्षा अधिक माणसे मावत नसत, आणि जी मावत त्यांतली बरीच सकाळी सुप्रभाताच्या फुलांखेरीज काही पाठवीत नसत, म्हणून सर्वानुमते स्थलांतर झाले. त्यानंतर काही काळ एकोपा होता. मग चमकीची शाई आली.

या शाईत सोनेरी किंवा रुपेरी चमकीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ते दौतीच्या तळाशी बसतात म्हणून दौत हलवून पेन भरावे लागते, आणि लिहून झाल्यावर अक्षर उन्हात धरले की एखाद्या लग्नपत्रिकेसारखे झळकते. हे कण पेनाच्या फीडमध्ये, म्हणजे आम्ही शाळेत जिला जीभ म्हणत असू तीत, अडकून बसतात की नाही, हा आमच्या समाजातला आद्य वाद होय. एका सदस्यांनी वडिलोपार्जित पार्कर ५१ मध्ये ती शाई भरली. हे पेन १९४१ साली बाजारात आले. त्याचे निब एका आवरणाखाली जवळजवळ पूर्णपणे लपलेले असते आणि आत शाई धरून ठेवणाऱ्या बारीक पाकळ्यांचा एक गाभा असतो, ज्यात शिरलेली चमकी बाहेर काढणे हे बुडीत कर्ज वसूल करण्याइतकेच दुर्घट आहे. पेन बंद पडले. सदस्यांनी त्याचे छायाचित्र टाकले, खाली 'वडील गेले त्या दिवशीही इतके वाईट वाटले नव्हते' असे लिहिले, आणि लेखणीच्या पक्षाकडून फर्मान सुटले की यापुढे चमकीच्या शाईची छायाचित्रे मुख्य चॅनलमध्ये येता कामा नयेत. शाईच्या भोक्त्यांनी त्याच रात्री वेगळा सर्व्हर थाटला. जाताना त्यांनी निबे, दौती आणि डाग यांची हौसेने घडवलेली इमोजी-चित्रे नकलून बरोबर नेली, आणि हा प्रकार लेखणीवाले आजतागायत 'चोरी' या सदराखाली नोंदवतात.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही भाऊबंदकीची असते तशी आहे. परंतु समितीचे काम सुरू झाल्यावर दोन्हीकडील सभासदांच्या याद्या मी जुन्या सवयीने शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तेव्हा असे निष्पन्न झाले की थोडे अपवाद वगळता माणसे दोन्हीकडे तीच होती. विनामूल्य खातेदारासही तेथे १०० सर्व्हरांचे सभासदत्व घेता येत असल्यामुळे, रागाने निघून गेलेल्यांना जुने घर सोडण्याची काही गरजच पडली नव्हती. म्हणजे ज्यांचे ज्यांच्याशी पटत नव्हते ते दोघेही दोन्हीकडे होते, आणि तरीही लेखणीवाल्यांकडे दौतवाल्यांची निंदा व दौतवाल्यांकडे लेखणीवाल्यांची निंदा अखंड चालू होती. आता विलीन करायचे ते काय, असा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत उपस्थित केला. पण तो विषयपत्रिकेवर नसल्याच्या सबबीखाली बाजूस ठेवण्यात आला.

दुसरी अडचण यंत्राची होती. दोन सर्व्हर जोडून एक करण्याची कोणतीही सोय डिस्कॉर्डमध्ये नाही. एकातली संभाषणे उचलून दुसऱ्यात नेता येत नाहीत. फार तर जुने दप्तर कुलूपबंद करून केवळ वाचनासाठी खुले ठेवावे आणि माणसांनी पायी दुसरीकडे चालत जावे, एवढाच मार्ग. प्रत्येक सर्व्हरचा मालक एकच असतो, त्याच्या नावापुढे छोटा मुकुट दिसतो, आणि दोन मुकुटांतून एक निवडायचा म्हटल्यावर दोन्ही मालकांनी जे उत्तर दिले त्यात एक विलक्षण एकवाक्यता होती: मला ही कटकट मुळीच नको आहे, पण ती त्यांच्याकडे जाणार असेल तर माझ्याकडेच राहू द्या.

मॉडरेटरांचा प्रश्न याहून नाजूक निघाला. येथे मला आमच्या दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांचे स्मरण होणे अपरिहार्य होते. पटवर्धनांच्या सांगली-जमखंडीसह मिरजेच्या दोन गाद्या व कुरुंदवाडच्या दोन पात्या, आणि शेजारची भोर, औंध, फलटण, ही सारी १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात सामील झाली, कोल्हापूर त्यानंतर वर्षाने आले; आणि राज्य गेले तरी तनखा व बहुमान शाबूत राहिल्यामुळे संस्थानिकांनी तो प्रसंग धीराने सोसला. तनखे १९७१ साली बंद झाले, ते घटनादुरुस्ती करून. आमच्या मॉडरेटरांना तनखा मुळातच नव्हता, परंतु त्यांची नावे रंगीत दिसत. लेखणीवाल्यांच्या कारभाऱ्यांचे नाव हिरव्या अक्षरांत येई, दौतवाल्यांचे जांभळ्या. पैकी एकाने, जो दिवसा एका बँकेत अधिकारी असून शेकडो माणसांना कर्ज नाकारण्याचे सामर्थ्य बाळगून आहे, मला रात्री फोन करून अत्यंत हळव्या स्वरात सांगितले, "काका, अधिकार सगळे काढून घ्या, कुणाला हाकलायचं म्हणाल तर मी आजपासून कुणाला हाकलणार नाही, पण तेवढा हिरवा रंग राहू द्या." हा माणूस खरा संस्थानिक होता. मी तहनाम्यात रंगाचे कलम घातले.

इमोजींची वाटणी मात्र माझ्या नोकरीतल्या कोणत्याही वाटणीपेक्षा कठीण ठरली. जादा पैसे मोजल्याविना एका सर्व्हरला स्थिर चित्रे ५० ठेवता येतात. दोन्हीकडची मर्यादा भरलेली, म्हणजे विलीनीकरणानंतर निम्म्यांना मुक्ती देणे प्राप्त होते. एका बैठकीचा संपूर्ण वेळ, गळक्या निबाचे चित्र आणि रडणाऱ्या निबाचे चित्र ही दोन स्वतंत्र चित्रे आहेत की एकाच भावनेची पुनरुक्ती, या प्रश्नावर खर्च झाला. मी दोन्ही चित्रे चष्मा पुसून पाहिली. मला ती दोन्ही कांदेभज्यांसारखी दिसली, परंतु तसे इतिवृत्तात लिहिले नाही.

अशा वेळी पूर्वदाखला शोधावा, हा दप्तराचा धर्म. नेदरलँड्समध्ये संगणकाची नोकरी करणारे आमचे एक सभासद या क्षेत्राचे जाणकार निघाले. त्यांनी सांगितले की गप्पांच्या सर्व्हरांचे जाळे ही कल्पना फिनलंडमधील ओउलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसीच्या रूपाने प्रत्यक्षात आणली, आणि पुढच्या दोनच वर्षांत तिच्यात दुफळी माजली. बर्कले येथला एरिस नावाचा सर्व्हर वाटेल त्या सर्व्हरला विनापरवाना जोडून घेई, म्हणून त्याला वगळून बाकीच्यांनी वेगळे जाळे केले आणि त्याचे नावच 'एरिसमुक्त' अशा अर्थाचे ठेवले. ज्याला हाकलले त्याचेच नाव कायमचे कपाळी लावून घेतले, हे मला अत्यंत आपल्याकडचे वाटले. त्या जाळ्यात दोन सर्व्हरांमधला दुवा अधूनमधून तुटे. तुटला की चॅनलमधल्या अर्ध्या माणसांची नावे एकाएकी दिसेनाशी होत, उरलेल्यांतला एखादा धूर्त इसम त्या ओसाड जागेचा ताबा घेई, आणि दुवा पुन्हा जुळला की जुना वहिवाटदार व नवा कब्जेदार समोरासमोर उभे राहत. हे ऐकताना मला आपण पुन्हा कचेरीत बसलो आहोत असा भास झाला. १९९६ साली युरोप आणि अमेरिकेतले कारभारी वेगळे झाले, त्यांच्या वादातही हा मुद्दा होताच, की एकाच नावावर दोघांनी हक्क सांगितला तर वेळेची नोंद पाहून निकाल द्यावा, की मोकळे झालेले नाव काही काळ अडवूनच ठेवावे. २०२१ साली फ्रीनोड नामक जुन्या जाळ्याचा ताबा कोणाचा यावरून बखेडा होऊन बहुतेक कारभारी राजीनामे देऊन निघाले व त्यांनी लिबेरा नावाचे नवे जाळे उभारले. "फुटल्याचे दाखले पुष्कळ झाले," मी म्हणालो, "पुन्हा जुळल्याचा एखादा सांगा." त्यावर त्यांनी कॅमेरा बंद केला.

तेव्हा म्हापशाच्या एका सभासदांनी, ज्यांचे अक्षर आमच्यात सर्वांत देखणे मानले जाते, सरळ जनमत घेण्याची सूचना केली. त्यांना या विषयात बोलण्याचा जन्मसिद्ध अधिकार होता. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर तेथे मतदान झाले. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पाने. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणाचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधीच सत्ता सोडली होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. आणि मग थोड्याच आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने त्याच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. पंडितांना यात विसंगती दिसेल. मला तरी यात परिपूर्ण शहाणपण दिसते: घर वेगळे हवे, आणि ते एक करू म्हणणारा माणूसही घरातच हवा.

आम्हीही फूल आणि दोन पाने हीच चिन्हे घेतली आणि दोन्ही सर्व्हरांवर एकाच रात्री मतदान ठेवले. लेखणीवाल्यांकडे फूल जिंकले. दौतवाल्यांकडे दोन पाने जिंकली. मतदार, हे मी पुन्हा नम्रपणे नमूद करतो, बहुतांशी तेच होते. कोल्हापूरच्या एका बाईंना मी याचा खुलासा विचारला, तेव्हा त्या किंचितही न गोंधळता म्हणाल्या, "अहो काका, तिकडे मी लेखणीवाली म्हणून मत दिलं, इकडे दौतवाली म्हणून. आणि खरं सांगू का, तिकडची माणसं कशी वागतात ते इकडे येऊन बोलता येतं म्हणून तर दोन्हीकडे जीव रमतो. एक झाल्यावर बोलायचं कुठं?" समितीच्या साऱ्या कामकाजात एवढे मुद्देसूद निवेदन दुसरे झाले नाही. दौतवाल्यांची, नागपूर कराराच्या धर्तीवर वर्षातून एक महिना सगळ्यांनी आमच्याकडे अधिवेशनास यावे, अशी मागणी त्यानंतर आपोआपच मागे पडली, कारण सगळे बाराही महिने तेथेच होते.

विलीनीकरण बारगळले, परंतु समिती नेमल्यावर काही ना काही घडले पाहिजे, म्हणून मधला मार्ग असा काढला, की दोन्ही सर्व्हर वेगळे ठेवून मुख्य चॅनलांमध्ये एक बॉट बसवावा, ज्याने इकडचा मजकूर तिकडे आणि तिकडचा इकडे तात्काळ पोचवावा. लातूरच्या एका वकील सभासदांनी यात असे कलम घातले की बॉटाने लेखकाचे नाव गाळून केवळ मजकूर न्यावा, जेणेकरून विचाराचा विचार गुणदोषांवर होईल, व्यक्तीवर होणार नाही. कलम सर्वांना फार उदात्त वाटले आणि एकमताने मंजूर झाले.

पहिल्याच संध्याकाळी सांगलीकडच्या एका जुन्या सभासदांनी लेखणीवाल्यांकडे लिहिले, की ज्यांना निब आणि खिळा यांतला फरक कळत नाही त्यांनी शाईवर प्रवचने झोडू नयेत. बॉटाने ते वाक्य निनावी करून दौतवाल्यांकडे नेले. तेथे हेच गृहस्थ दौतवाले या नात्याने रोजच्या जागी हजर होते. एवढ्या वेळात चहा होऊन गेला होता. ते वाक्य वाचून त्यांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी त्या अज्ञात उद्धट इसमास तीन परिच्छेदांचे उत्तर दिले, ज्यात लोखंडी शाई हवेत काळी कशी पडते येथपासून समोरच्याच्या संस्कारांपर्यंत सर्व विषय आले. बॉटाने ते लेखणीवाल्यांकडे पोचवले. तेथे त्यांनी ते वाचले. रात्री अकरापर्यंत दोन्ही बाजूंनी अत्यंत तोलामोलाचा वाद झाला, आणि बाकीच्या सभासदांपैकी कोणीही मध्ये पडले नाही, हे त्यांच्या सौजन्याचे की आनंदाचे लक्षण मानावे हे मी ठरवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही सर्व्हरांवर रीतसर अर्ज गुदरून सदरहू इसमाचे नाव जाहीर करावे व त्यास कायमचे हाकलून द्यावे अशी विनंती केली आहे. वकीलसाहेबांचे म्हणणे, कलमाप्रमाणे नाव उघड करता येत नाही. हिरव्या रंगाचे मॉडरेटर, ज्यांनी यापुढे कोणालाही न हाकलण्याचे वचन दिले होते, ते मात्र अर्ज मंजूर करावा या मताचे आहेत.