नवी थीम बसवा, अवघ्या पाच मिनिटांत

आधी मुहूर्त. रात्री साडेअकरानंतरची वेळ उत्तम, त्यातही लेख पुरा करायचं ठरवलेल्या दिवसाची. अशा वेळी जुन्या थीमचे दोष लख्ख दिसू लागतात. मथळ्याचा निळा रंग डोळ्यांत खुपतो आणि लेख अडलाय तो त्या निळ्यामुळेच, अशी खात्री पटते.

वर्डप्रेस २००३ साली सुरू झालं. ते पाच मिनिटांत बसतं, ही त्यांची जुनी लाडकी फुशारकी, आणि ती खोटी नाही. थीम तर त्याहून लवकर बसते: डॅशबोर्ड, अपिअरन्स, थीम्स, इन्स्टॉल, अ‍ॅक्टिव्हेट. झालं. पुढचं सगळं मार्गदर्शन सहाव्या मिनिटानंतरचं आहे.

निवड करताना वर्डप्रेससोबत येणाऱ्या थीम कटाक्षाने टाळा. २०१० साली ‘ट्वेंटी टेन’ आली, तेव्हापासून वर्षांच्या नावांनी त्या येत राहिल्या (‘ट्वेंटी एटीन’ मात्र आलीच नाही). या थीम साध्या असतात, फुकट असतात आणि चालतात. एवढ्या रात्री जागून चालणारी थीम कोण शोधतं?

त्याऐवजी डेमो बघा. धुक्यातला डोंगर, पाठमोरी मुलगी, कॉफीचा कप. मथळे तीन शब्दांचे आणि खाली कुणालाही न कळणारं लॅटिन. प्रेमात पडा. आपल्याकडचा मथळा ‘ग्रामदैवताच्या यात्रेचे बदलते स्वरूप : काही निरीक्षणे’ असा आहे आणि फोटोच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय, हे आत्ता आठवायचं नाही. थीमबरोबर डोंगर मिळेलच असं नाही, हे पैसे भरल्यावर कळलेलं बरं.

विकतची थीम झिप फाइलमधून येते. ती तशीच अपलोड करा. ‘स्टाइल डॉट सीएसएस सापडत नाही’ असा निरोप येईल. विक्रेत्याने फसवलं असं समजून त्याला इंग्रजीत लांबलचक मेल लिहा आणि मगच झिप उघडून पाहा. आत माहितीपत्रक, परवाना, आणि एका कोपऱ्यात आणखी एक झिप असते. थीम ती. तीही अपलोड होईना, तर सर्व्हरची मर्यादा आडवी आली असेल. पीएचपीत ती मुळात २ एमबीचीच असते. मग होस्टिंगवाल्याकडून मर्यादा वाढवून घ्या, नाहीतर एफटीपीने ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधल्या ‘थीम्स’ फोल्डरात ती उलगडून ठेवा.

विकतची थीम कुणी फुकट देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. आपली साइट उद्या गुगलवर जपानी भाषेत हँडबॅगा विकताना सापडायला नको.

बॅकअप घ्या, डेटाबेस आणि फाइली दोन्हींचा. या वाक्यात विनोद नाही.

अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर कधीकधी मेनू गायब होतो आणि विजेट ‘इनअ‍ॅक्टिव्ह’मध्ये जाऊन बसतात. लेखांना धक्का लागत नाही. ते डेटाबेसमध्ये असतात, थीममध्ये नाही.

आता खरी गंमत. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मथळा रुबाबदार दिसावा म्हणून त्या अक्षरांत अंतर सोडतात, आणि आपली शिरोरेखा जागोजागी तुटते. ‘महाराष्ट्र’ हा एकसंध शब्द म, हा, रा, ष्ट्र असा चार वाटांनी निघतो. ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे मोठ्या मथळ्यात ‘पूर्ती’चा रफार वरून छाटला जातो, उकार खालून. मथळे कॅपिटलमध्ये करण्याची सक्ती मात्र आपल्याला लागत नाही. लिपीत कॅपिटलच नाहीत, तिथे थीम काय करणार? शिवाय थीमच्या देखण्या फाँटमध्ये देवनागरी नसली की ब्राउझर हाताला लागेल तो फाँट उचलतो, म्हणून आपल्या लॅपटॉपवरचं रूप मावशींच्या फोनवर निराळंच. उपाय सोपे आहेत. ‘लेटर-स्पेसिंग’ नॉर्मल करा, ‘लाइन-हाइट’ वाढवा आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ लावा. दोन्ही फुकट आहेत.

या दुरुस्त्या थेट थीमच्या फाइलींत केल्या, तर पुढचा अपडेट त्या पुसून टाकतो. त्यासाठी चाइल्ड थीम असते. ती न करता ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ उघडून एखादा अर्धविराम खाल्लात, तर साइटच्या जागी एरर किंवा नुसता पांढरा पडदा दिसेल. २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर सुटकेच्या लिंकचा मेल जातो. तो पत्ता जुन्या नोकरीतला असेल, तर एफटीपीने थीमच्या फोल्डरचं नाव बदला आणि अ‍ॅडमिनमध्ये जा. थीम सापडत नाही म्हटल्यावर वर्डप्रेस त्या टाळलेल्या साध्या थीमकडे वळतं. म्हणून एक तरी ट्वेंटी-अमुक डिलीट न करता ठेवावी.

सगळं जमलं की लिंक घरच्या ग्रुपवर टाकून ‘नवं रूप कसं वाटतंय?’ म्हणून विचारा. काका लगेच अंगठा दाखवतील. कॅशमुळे त्यांना अजून जुनंच रूप दिसत असतं. कॅश रिकामी करा आणि पुन्हा विचारा. पुन्हा अंगठाच येईल.