अननसाचा डबा आणि तळघरातले वायफाय



डब्याचा अँटेना म्हणजे एका तोंडाने बंद असलेली पत्र्याची नळी. तळाजवळ तांब्याची तार उभी असते. तिने सोडलेल्या लहरी तळावर आपटून परततात आणि सगळ्या मिळून उघड्या तोंडातून एकाच दिशेला निघतात. न्यू जर्सीतल्या घराच्या तळघरात वायफाय पोहोचत नसेल आणि नातीचा अभ्यास नेमका तिथेच होत असेल (निदान तसे सांगितले जाते), तर हा उपाय स्वस्तात पडतो.

खरी मेख डब्याच्या रुंदीत आहे. वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 12.3 सेंटिमीटर लांब, 7.3 सेंमीपेक्षा अरुंद डब्यात ती शिरतच नाही. छोल्यांचा नेहमीचा 15 औंसी डबा साधारण 7.6 सेंमीचा, म्हणजे काठावर पास. उलट 9.3 सेंमीच्या पुढे लहरीला दुसऱ्या तऱ्हेनेही वाहायला वाट मिळते आणि दिशेचा घोळ होतो. हापूसच्या रसाचा 850 ग्रॅमचा डबा जवळपास 10 सेंमी रुंद असतो. त्यामुळे विज्ञानाच्या नावाखाली फोडलेले असे सर्व डबे नापास होतात. रस मात्र पुऱ्यांबरोबर संपतो. शेवटी निवड होते अननसाच्या 20 औंसी डब्याची, 8.7 सेंमी. लांबी 16 सेंमीच्या आसपास हवी म्हणून असे दोन डबे लागतात; एकाचा तळ कापून दुसरा त्याला सोल्डर करतात. मग घरात अननसाचा शिरा इतक्यांदा होतो की सूनबाई अँटेनाची प्रगती शिऱ्यावरूनच मोजू लागतात.

बंद तळापासून 5.5 सेंमीवर भोक पाडून एन-कनेक्टर (केबल जोडायचा सांधा) बसवतात. त्याच्या आतल्या टोकाला सोल्डर केलेली तार लहरीच्या पावपट, म्हणजे 3.1 सेंमी हवी. इथे मिलिमीटरलाही किंमत आहे. तार थोडी लांब ठेवून कानशीने घासत आणणे बरे. राउटरच्या अँटेनाची एक दांडी काढून तिथून या कनेक्टरपर्यंत केबल जोडतात. ती आखूडच ठेवावी, नाहीतर मिळवलेला जोर केबलच खाते.

नेम बरोबर बसला तर सरळ रेषेत साध्या दांडीच्या चारेक पट जोर मिळतो, बाजूला मात्र फारसे काही उरत नाही. डबा जागच्या जागी गोल फिरवला तरी फरक पडतो, कारण आतल्या तारेचा कल समोरच्या अँटेनाशी जुळावा लागतो. म्हणून एकाने वर डबा वळवायचा आणि दुसऱ्याने तळघरातून ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचे, ही दूरदर्शनच्या काळातली गच्चीवरची रीत अजून चालू आहे. व्हॉट्सअॅपवर विचारून उपयोग नाही. उत्तर आले, तर आलेच आहे.