तू फक्त वाच, मग बोलू

घरात दहावी असली की त्या मुलाचं नाव वर्षभरापुरतं मागे पडतं. ‘आमच्याकडे यंदा दहावी आहे’ एवढीच त्याची ओळख उरते. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर अशी एक दहावी आहे. आपणही तिला दहावीच म्हणू. क्लासमध्ये कुणाचा फोन जप्त झाला, कोण कुणाशी बोलत नाही आणि बोलत नसताना तिच्याबद्दल काय काय बोलते, ही सगळी माहिती दहावी जिना उतरता उतरता देऊन टाकते. तिच्या पोटात काही म्हणून राहत नाही. राहतं ते एकच, खुनी कोण. अमक्या कादंबरीतल्या तमक्या मुलीला कुणी मारलं ते नाव तिने गेलं वर्षभर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या मैत्रिणीलाही नाही. कारण मैत्रिणीचं ते पुस्तक वाचायचं राहिलंय, आणि तिला ते सुचवलंय दहावीनेच.

रहस्यकथा सुचवणं हा मुळातच उफराटा धंदा. पैठणी विकायची, पण पदर उलगडून दाखवायचा नाही. प्रेमकथा सुचवताना निदान ‘शेवटी दोघांचं जमतं गं’ असं सांगून गिऱ्हाईक पटवता येतं. इथे जे सांगण्यासारखं आहे तेच सांगायचं नसतं. त्यामुळे दहावीचं बोलणं असं होतं:

“स्टोरी काय आहे?”

“ते नाही सांगू शकत.”

“अगं, थोडंसं तरी!”

“एक मुलगी मरते.”

“बरं.”

“म्हणजे, मरते असं सगळे म्हणतात.”

“म्हणजे मरत नाही?”

“मी असं म्हटलं का? जाऊ दे. तू फक्त वाच, मग बोलू.”

उरलेली गोष्ट हातवारे सांगतात. दोन्ही हात कानांपाशी नेऊन बोटं फाकवली की ‘शेवटी डोकं फुटतं’. छातीवर हात ठेवून डोळे मिटले की ‘रडलेय मी’. ‘भारी’, ‘खतरनाक’ आणि ‘लिटरली’ या तीन शब्दांवर आख्खं दुकान चालतं. एकदा तर ‘लिटरली मेले मी’ हे तिने इतक्या कळवळून सांगितलं, की बाकावर बसलेल्या जोशी आजींनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

माल मात्र बहुतेक सगळा परदेशी. हॉली जॅक्सनची 2019 सालची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ ही तिची मुख्य कुलदेवता. त्यात पिप नावाची इंग्लंडमधली मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी गावातलं पाच वर्षांपूर्वीचं, पोलिसांनी मिटवलेलं खुनाचं प्रकरण उकरून काढते. आपल्याकडे शाळेचा प्रकल्प म्हणजे जलसुरक्षेची वही. तीही एकीने लिहायची आणि बाकीच्यांनी अक्षर बदलून उतरवायची. कॅरन मॅकमॅनसच्या ‘वन ऑफ अस इज लाइंग’मध्ये शिक्षा म्हणून पाच मुलांना शाळेत थांबवून ठेवलेलं असतं, त्यातला एक कोसळतो आणि मरतो. उरलेल्या चौघांवर संशय. आपल्याकडे शिक्षा झालेला मुलगा वर्गाबाहेर उभा असतो, आणि कॉरिडॉरमधून शिपाई, मुख्याध्यापिका, पालक आणि खिचडीचं पातेलं अशी अखंड वाहतूक चालू असते. तिथे खून करायला एकांत कसा मिळणार? ‘द इन्हेरिटन्स गेम्स’मध्ये एक अब्जाधीश म्हातारा आपल्या लेकीनातवंडांना डावलून एका अनोळखी शाळकरी मुलीच्या नावे जवळजवळ सगळी इस्टेट करून जातो. दहावीने हे मोठ्या रंगात येऊन आजोबांना सांगितलं. आजोबा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “वारस नोंद झाली का? हरकत घ्यायला मुदत असते.” त्या क्षणी त्या कादंबरीचा जो खून झाला, त्याला साक्षीदार एकटी दहावी.

या पुस्तकांतले आईबाप हे मला सर्वांत मोठं गूढ वाटतं. तिच्या यादीतली काही मीही वाचली आहेत. आई कायम रात्रपाळीला, नाहीतर परगावी. वडील निघून गेलेले, किंवा घरात असून नसल्यासारखे. सोळा वर्षांची मुलगी रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन जंगलात शिरते आणि तिला एक फोन येत नाही! दहावीने हाच तपास डोंबिवलीत करायचा म्हटला तर काय होईल? साडेअकराला खाडीवर जायला निघायचं, तर आधी खाली वॉचमनकाका विचारणार, “बेटा, एवढ्या रात्री?” कोपऱ्यावर दूधवाल्यांचा मुलगा बघणार. रिक्षा मिळेपर्यंत आईचा पहिला फोन, बसल्यावर दुसरा, आणि ‘लोकेशन पाठव’ असा निरोप. संशयिताच्या घरात चोरून शिरायचं तर संशयिताची आई दारातच ‘अगं ये, पोहे केलेत’ म्हणणार आणि पोहे खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. आपल्याकडे बालगुप्तहेर कमी निघतात याचं कारण बुद्धीत नाही, शेजारात आहे. भा. रा. भागवतांना हे पक्कं ठाऊक असावं. म्हणून त्यांनी फास्टर फेणेला फुरसुंगीच्या घरातून उचलून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला ठेवलं आणि हाताशी सायकल दिली. आईच्या हाकेच्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय ‘ट्टॉक’ करायला सवड मिळत नाही.

तर दहावी गिऱ्हाईक पटवते. पुस्तक हातात पडतं. इथे साधा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. दहावीचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. दर तासाला निरोप. “कुठवर आलीस?” “पान 112.” “अय्यो.” “काय झालं?” “काही नाही. वाच.” आता या ‘अय्यो’ला काय म्हणायचं? वाचणारी मैत्रीण 112वं पान तीनदा वाचते. त्यावर फक्त एक माणूस चहा पितो. झालं, तो चहावाला तिच्या डोक्यात पक्का बसतो.

न सांगता सांगण्याची ही कला दहावीच्या नकळत वाढीला लागली आहे. “मी काहीच सांगत नाही, फक्त त्या मांजराकडे लक्ष दे.” “तुला तो भाऊ आवडला? अच्छा. नाही, चांगलंय.” मैत्रिणीने चुकीच्या माणसावर संशय घेतला की “हो का? कशावरून गं?” हे ती खालच्या सुरात विचारते, बरोबर माणसावर घेतला की तेच शब्द वरच्या सुरात येतात. मैत्रिणींना हे केव्हाच कळलंय. त्या आता पुस्तकातले पुरावे बघतच नाहीत. दहावीसमोर एकेका पात्राचं नाव घेतात आणि तिचा सूर ऐकतात. मागे एकीने चौथ्या नावाला खुनी पकडला आणि पुस्तक न उघडता परत केलं. ‘अनफेअर आहे हे’ म्हणत दहावी दोन दिवस धुमसत होती.

गंमत म्हणजे या मौनव्रताला जगभर मान आहे. लंडनला अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ 1952 पासून चालू आहे, कोविडमध्ये पडलेला खंड सोडला तर. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनवतात, बाहेर जाऊन खुनी कोण ते सांगू नका. ‘वी वेअर लायर्स’ या 2014 सालच्या कादंबरीची तर जाहिरातच अशी होती, की शेवट कुणी विचारला तर सरळ खोटं बोला. दहावीला ही सोय कळल्यापासून ती सगळ्याच बाबतीत ती वापरते. परवा तिच्या आईने चाचणीचे गुण विचारले, तेव्हा “शेवट सांगत नसतात” हे उत्तर मी जिन्यात स्वतःच्या कानांनी ऐकलं.

प्रत एक आणि वाचणाऱ्या सहा, त्यामुळे पुस्तक फिरतं. कोरी प्रत महाग पडते म्हणून बरेचदा फुटपाथवरची. तीत एक फर्मा दोनदा लागलेला आणि दुसरा गायब. सोळा पानं गेली. रहस्यकथेत सोळा पानं जाणं म्हणजे काय ते ज्याचं गेलंय त्यालाच कळतं. पान 208 वर नायिका तळघराचं दार ढकलते आणि पान 225 वर दवाखान्यात सफरचंद खाते. मधली सोळा पानं दहावी स्वतः तोंडी सांगते, आणि मैत्रिणींचं मत पडलं की छापलेल्यापेक्षा ही जास्त रंगतात.

हा नमुना आजचाच असं कुणी समजू नये. दहावीचे आजोबा गिरगावच्या चाळीत वाढले. तेव्हा बाबूराव अर्नाळकरांचा अंमल होता. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि लिहिल्या किती, तर हजाराहून जास्त रहस्यकथा. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. पुस्तक भाड्याने आणायचं, भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं, नाहीतर जादा भाडं. त्या काळात सुचवायला वेळच नसायचा. ‘वाच आणि संध्याकाळच्या आत दे’ एवढंच. आजोबांनी तिला हेही सांगितलं, की वाचनालयाच्या पुस्तकात कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलने ‘खून दिवाणजीने केला’ असं लिहून ठेवायचा. दहावीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “पोलिसात नाही दिलं त्याला?” तिने विचारलं. आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. पेन्सिल कुणाची होती हे त्या घरातलं न उलगडलेलं एकमेव प्रकरण आहे, आणि माझा संशय मी कुणाला सांगणार नाही.

आजोबांनी मग तिला सत्यजित राय यांचा फेलूदा दिला, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला. पंधराएक दिवस काही हालचाल नाही. मग एका रात्रीत दोन पुस्तकं संपली. सकाळी ही आजोबांच्या खुर्चीपाशी हजर. “आजोबा, तुम्ही फेलूदा वाचलाय का? वाचाच. लिटरली भारी आहे. तो जटायू म्हणून एक लेखक आहे ना… जाऊ दे, सांगत नाही.” ज्याने पुस्तक दिलं त्यालाच ते सुचवायचं, आणि वर त्याच्यापासून शेवट लपवायचा! आजोबाही वस्ताद. “असं? बघतो हं,” म्हणून त्यांनी हात पुढे केला.

मुलग्यांबद्दल थोडक्यात. ते पुस्तक वाचत नाहीत, त्यावरची सिरीज बघतात आणि पुस्तक वाचल्यासारखं सुचवतात. दहावी उलटतपासणीत दोन प्रश्नांत त्यांना उताणं पाडते. विषय संपला.

तिचं खरं वैर आहे ते ‘मला आधीच कळलं होतं’वाल्यांशी. दुसऱ्या मजल्यावर असा एक अकरावी सायन्स आहे. कुठलंही पुस्तक परत देताना तो जांभई देतो आणि म्हणतो, “पन्नासाव्या पानालाच कळलं होतं यार.” हे वाक्य दहावीच्या काळजात जसं घुसतं तसं तिच्या यादीतल्या एकाही खुन्याला हत्यार चालवता आलेलं नाही. तिने बराच अभ्यास करून त्याला अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ दिली. या कादंबरीचा शेवट वाचून 1926 साली भल्या भल्या वाचकांनी बाईंवर फसवणुकीचा आरोप केला होता. पुस्तक चार दिवसांनी लेटरबॉक्समध्ये सापडलं, सोबत चिठ्ठी नाही. त्यानंतर अकरावी सायन्स लिफ्टऐवजी मागच्या जिन्याने ये-जा करतो.

सहामाहीचे गुण घरी पोचले तेव्हा आईने तिची सगळी पुस्तकं उचलून कपाटात टाकली. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत एकही नाही. मग एका दुपारी आईने सहज म्हणून त्यातलं एक काढलं. दहावी क्लासहून आली तर आई सोफ्यावर पाय घेऊन वाचतेय. दहावीचा राग बाजूला राहिला. नवं गिऱ्हाईक, तेही घरातलं!

“आई! कुठवर आलीस? कुणावर संशय आहे?”

“संशय कसला? तो कोचच ना.”

“तुला कसं कळलं?”

“शेवटचं पान आधी वाचलं. उगाच जिवाला घोर कशाला? आता कसं निवांत वाचता येतं.”

दहावी दप्तरासकट मटकन खाली बसली. तिला पाणी देऊन आईने नाशिकच्या मावशीला फोन लावला. “अगं, हिच्याकडचं एक पुस्तक वाचतेय, फार छान आहे. तू पण वाच. खून त्या कोचने केलेला असतो…” आतल्या खोलीतून किंकाळी आली. फोनमधून मावशी म्हणाली, “बरं झालं बाई आधीच सांगितलंस. पाठवून दे कुणाबरोबर तरी.”