तो मेला, आम्ही सुटलो

पडद्यावरच्या माणसाने दोन-चार खून केले तर आपण त्याला खलनायक म्हणून मोकळे होतो. पण त्याने दोन-चार हजार माणसं मारली आणि त्याला घरी एक असहाय बहीण असली, की आपण विचारात पडतो. बहीण मृदू आवाजात बोलत असेल तर प्रश्नच मिटला. ‘कोड गीआस’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या कर्त्यांना प्रेक्षकाची ही नस बरोबर सापडली होती. त्यांनी लेलूशला नानली दिली. ती अंध आहे, चाकांच्या खुर्चीत असते, कागदाचे पक्षी करते आणि जग थोडं मायाळू असावं एवढंच तिचं मागणं असतं. भाऊ ते मागणं मनावर घेतो. मग पन्नास भाग जगाची राखरांगोळी चालते.

मला ही मालिका भाचीने बघायला लावली. ‘मामा, तू आधी शेवट बघ, मग बोल,’ हे तिचं पालुपद. अ‍ॅनिमे बघणाऱ्या मंडळींत सगळ्यात समाधानकारक शेवट कुठला असा वाद निघाला, की लेलूशचं नाव आल्याशिवाय राहत नाही. आमच्या लहानपणी शेवटाचे इतके लाड नव्हते. सिनेमाच्या शेवटी पोलीस यायचे, आणि पोलीस आले की आम्ही अंधारात पायाने चपला शोधायला लागायचो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ब्रिटानिया नावाच्या साम्राज्याने जपान जिंकलाय आणि त्याचं नावसुद्धा काढून घेतलंय. देशाचा झाला ‘एरिया इलेव्हन’ आणि माणसांचे झाले ‘इलेव्हन’. लेलूश हा त्याच साम्राज्याचा टाकून दिलेला राजपुत्र. वय सतरा, आडनाव खोटं, शिकतो जपानातल्याच एका ब्रिटानियन शाळेत. बुद्धिबळात पट्टीचा, पण चार पावलं धावायला लावलं की धाप. सी.टू. नावाची एक न मरणारी मुलगी त्याला गीआसची शक्ती देते. डोळ्याला डोळा भिडवून तो जी आज्ञा करील ती समोरच्याने पाळायची, आणि एका माणसावर ही मात्रा एकदाच चालते. त्याची पहिली आज्ञा असते शिपायांना, मरा. ते आनंदाने मरतात, तेही पहिल्याच भागात. चांगला मुलगा हळूहळू बिघडत गेला, अशी आपल्याला रुळायला सवड देणारी सोय इथे नाही. मग तो काळा झगा आणि मुखवटा चढवून ‘झीरो’ होतो, आणि ज्यांचा देश गेला त्यांचा पुढारी बनतो. चेहरा दिसत नाही, भाषण झकास, आणि प्रत्येक वाक्याला झगा फडकतो. पुढारी व्हायला याहून जास्त काय लागतं?

गंमत म्हणजे ही काळीकुट्ट गोष्ट अधूनमधून शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी वागते. एका भागात झीरोचा मुखवटा मांजर पळवतं आणि सगळी शाळा मांजरामागे. पात्रांची मूळ रेखाटनं क्लॅम्प या चित्रकर्तींच्या गटाची, त्यामुळे प्रत्येकाचे पाय इतके लांब, की या मंडळींची क्रांती एसटीच्या सीटवर बसून होणं अशक्यच. सी.टू.ला पिझ्झाचं वेड, आणि जपानी प्रक्षेपणाच्या प्रायोजकांत पिझ्झा हट; तेव्हा जग बुडायला आलेलं असतानाही खोक्यावरची जाहिरात शाबूत. पहिल्या पर्वाच्या एकविसाव्या भागात शाळेच्या उत्सवात एक अवाढव्य पिझ्झा करायचा घाट घातला जातो, पीठ फिरवायला थेट लढाईचं यंत्र. बाविसाव्या भागात नरसंहार.

त्या बाविसाव्या भागापाशी मी बराच काळ अडकून पडलो. यूफेमिया ही लेलूशची सावत्र बहीण. राजघराण्यात एकुलती एक सरळ मनाची. फुजी पर्वताजवळ एक खास प्रदेश करू, तिथे जपानी माणसाला त्याचं नाव आणि हक्क परत देऊ, असं ती जाहीर करते आणि त्यासाठी आपला राजपदावरचा हक्क सोडून देते. झीरोची पंचाईत होते. अन्याय कोणीतरी सभ्यपणे मिटवू लागलं की क्रांतिकारकाने करायचं काय? तो हा बेत हाणून पाडायला म्हणून येतो, बोलणं होतं, आणि तो चक्क हरतो. मनापासून हात पुढे करतो. मग आपली शक्ती किती भयंकर आहे ते सांगताना उगाच एक थट्टा करतो, की मी तुला जपान्यांना मारून टाक म्हणालो तर तुला तसंच करावं लागेल. नेमक्या त्याच क्षणी गीआसवरचा त्याचा ताबा सुटलेला असतो. ती आज्ञा ठरते. थोड्याच वेळात ती हसतमुखाने मंचावर जाते आणि जमलेल्या माणसांवर गोळ्या झाडायला लावते.

इथवर याला अपघात म्हणता येईल. वकील थोडा बरा मिळाला तर तो सुटेलही. पण पुढे काय होतं ते बघा. लेलूश कोलमडतो, रडतो, आणि ते रडणं वाळायच्या आत हा प्रसंग वापरायचं ठरवतो. यूफेमियाला स्वतः गोळी घालतो आणि उसळलेल्या लोकांपुढे नव्या जपानची घोषणा करतो. लोक त्याचा जयजयकार करतात. मीही मनातल्या मनात केला, कारण पार्श्वसंगीत तसंच होतं. चूक कुठली आणि डाव कुठला, हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून पाच-दहा मिनिटांच्या अंतराने घडतं तेव्हा वेगळं काढता येत नाही. ‘त्याने मुद्दाम नव्हतं केलं’ हे भाचीचं म्हणणं खरं. पण सुचलेलं भाषण तर मुद्दामच केलं होतं.

दुसरं पर्व एप्रिल २००८ मध्ये आलं. पहिलं मध्यरात्रीनंतर दाखवायचे, हे रविवारी संध्याकाळी पाच वाजता. बापलेकांचं वैर, राजधानीच्या मधोमध फुटलेला बॉम्ब, सम्राटांची पाडापाडी, हे सगळं जपानी कुटुंबांनी रविवारच्या चहाच्या वेळी पाहिलं. आणि २८ सप्टेंबर २००८ला तो शेवट आला.

बेत असा. लेलूश स्वतः सम्राट होतो. सरदारशाही मोडतो, गुलाम प्रदेशांना मोकळं करतो आणि मग मुद्दाम जगातला सगळ्यात नीच जुलमी बनतो. सगळ्यांचा सगळा द्वेष आपल्या एकट्याकडे वळवून घेतो. कैद्यांची मिरवणूक निघते, तो पांढऱ्याशुभ्र वेशात सिंहासनावर, आणि समोरून येतो झीरो. मुखवट्यामागे सुझाकू आहे. बालपणाचा मित्र, पुढे हाडवैरी, आणि शेवटी या कटातला भागीदार. तलवार आरपार जाते. जुलमी मेला, द्वेषही त्याच्याबरोबर गेला, उरलेल्यांनी आता भांडू नये, असा हिशेब. नानली त्याचा हात हातात घेते तेव्हा तिला सगळं कळतं. खाली गर्दी ‘झीरो, झीरो’ असा गजर करत असते.

मला त्या क्षणी पुणे आठवलं. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली तिथे रंगमंचावर आलं, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात. त्यातही शेवटी जुलमी माणूस मरतो आणि गर्दी खूश होते. पण घाशीरामला कोतवाल केलं नाना फडणविसांनी, जुलूम करू दिला त्यांनी, आणि लोक फारच चवताळले तेव्हा त्याला मारायच्या हुकमावर सहीही त्यांचीच. घाशीराम गेला, पाप त्याच्याबरोबर गेलं, नाना कोरडेच्या कोरडे. लोक सुटकेच्या आनंदात, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाच्या पोटात खड्डा.

लेलूश एकटाच दोन्ही भूमिका करतो. हुकमावर सही नानाची, मान घाशीरामची, आणि दोन्ही एकाच अंगरख्यात. म्हणून आपल्या पोटात खड्डा पडत नाही, घशात आवंढा येतो. बंदूक उचलायची तर गोळी खायची तयारी हवी, असं हा मुलगा सुरुवातीलाच दिमाखात बोलून गेलेला असतो. असं बोलणारे पुष्कळ. शेवटच्या भागात आपल्याच शब्दाची हुंडी वटवणारा विरळा, आणि त्या एका गोष्टीवर आपण फिदा होतो.

फरक बघायचा तर ‘डेथ नोट’ आहे. तीही ‘कोड गीआस’सारखीच २००६च्या ऑक्टोबरात टीव्हीवर सुरू झाली. तिथेही हुशार शाळकरी मुलगा आणि त्याच्या हाती अमानुष शक्ती. वहीत नाव लिहायचं, माणूस मरतो. पण लाइट यागामी अखेरपर्यंत आपलंच बरोबर म्हणत राहतो. चित्रकथेत तो गयावया करत, किंचाळत मरतो. मालिकेत त्याला थोडी अदब मिळाली, जखमी होऊन मावळतीच्या उजेडात पळतो आणि जिन्यावर शांतपणे डोळे मिटतो. दोन्ही शेवट न्याय्यच आहेत. पण भाची त्यावर ‘ठीक होता’ एवढंच म्हणते. आरोपीला शिक्षा झाली याचं समाधान वेगळं, आणि आरोपीने उठून न्यायाधीशाची खुर्ची घेतली, स्वतःलाच फाशी सुनावली आणि खुर्ची परत जागेवर ठेवली, याचं वेगळं.

तरी त्या गर्दीचं काय? तेंडुलकरांच्या नाटकात गर्दी फसली म्हणून आपण अस्वस्थ होतो. इथेही गर्दी फसलेलीच आहे, जगाची शांतता एका नाटकावर उभी आहे, आणि आपण मात्र तृप्त. मला वाटतं, कारण एवढंच, की इथे गुपितात आपल्यालाही घेतलंय. खालच्या लाखो लोकांना माहीत नाही, मला माहीत आहे. लोकांना त्यांच्याच भल्यासाठी फसवावं, हा विचार एखाद्या पुढाऱ्याने जाहीर सभेत मांडला तर मी वर्तमानपत्राला पत्र लिहीन. लेलूशने मांडला तर मी चष्मा काढून डोळे पुसले.

आणि सुटलो ते खरे आपण. पन्नास भाग आपण या मुलाच्या बाजूने होतो. नारिताच्या डोंगरावर त्याने कडा कोसळवला, त्याखाली त्याच्यावर जीव टाकणाऱ्या शर्लीचे वडील गेले, आणि आपण ‘काय डाव टाकला!’ म्हणालो. शेवटच्या लढायांत त्याच्यासाठी मरणारे शिपाई गीआसच्या अमलाखाली होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं आपल्याला दिसत होतं, बोचत होतं, आणि पुढचा भाग लावताना आपण ते बाजूला ठेवत होतो. तो जगला असता, राज्य करत राहिला असता, तर आपल्याला कधीतरी त्याच्याबद्दल मत बनवावं लागलं असतं. त्याने मरून ती वेळच येऊ दिली नाही. स्वतःचं देणं त्याने फेडलंच, शिवाय आपण पन्नास भाग वाजवलेल्या टाळ्यांचं बिलही भरून टाकलं. असा नायक कोणाला नाही आवडणार?

अर्थात त्याला मेलेला राहू दिलं तर ना. शेवटच्या दृश्यात सी.टू. गवताने भरलेल्या गाडीवर लवंडून लेलूशशी बोलल्यासारखं बोलते, आणि गाडी हाकणाऱ्याचा चेहरा टोपीखाली दिसत नाही. झालं. तो गाडीवान कोण, यावर रसिकांनी वर्षानुवर्षं किस पाडला. भाचीने मला ते दृश्य थांबवून, मोठं करून दाखवलं. मला गाडीवान दिसला. तिला लेलूश दिसला. ज्या मरणाने शेवट एवढा पूर्ण झाला असं ती मंडळी म्हणत होती, तेच मरण त्यांना सोसवत नव्हतं.

निर्मात्यांनाही नाही. आधी जुनी मालिका थोडी बदलून तीन चित्रपटांत बसवली, त्यांत शर्लीला जिवंत ठेवलं. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये नवा चित्रपट आला आणि त्यात लेलूश उठून बसला. मालिकेचा शेवट मालिकेपुरता कायम, ही चित्रपटांची वेगळी वाट, असा खुलासाही झाला. ज्याला मरण हवं त्याने मालिका बघावी, ज्याला माणूस हवा त्याने चित्रपट. नव्या चित्रपटाच्या शेवटी लेलूश नाव बदलून सी.टू.च्या जोडीने भटकायला निघतो. तो दिसतो मोठा गोड, हे कबूल.

यूफेमियाचा मात्र नंबर लागला नाही. त्या चित्रपटांतही ती आपली मरतेच, आणि मालिकेतल्या जगात तर तिचं नाव कत्तल करणारी राजकन्या म्हणूनच राहतं. खरं काय घडलं ते मोजक्यांना ठाऊक, आणि ते मोजके बोलत नाहीत, कारण बोलले तर लेलूशच्या एवढ्या सुबक शेवटाची शिवण उसवते. मी हे भाचीला म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘मामा, यूफीचं मरण कथेला लागतंच रे.’

लागतं. पण नावावरचा डाग पुसायला काय लागत होतं? नानलीने उठून चार ओळींचं निवेदन काढलं असतं तरी चाललं असतं. आता तर महाराणीच आहे ती.